टाकीचं वळण

"रेस संपल्याशिवाय पलीकडे जाता येणार नाही," पोन्नुसामी म्हणाला. "अजून सतरा फेऱ्या. बस."

त्यानं पाण्याच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट पालथा घातला आणि पायानं माझ्याकडे सरकवला. मी उभाच राहिलो. हेल्मेट काखेत होतं, अंगातला जाड सूट घामानं भिजला होता आणि कानांत अजून इंजिन चालू होतं. माझी सात नंबरची गाडी टायरांच्या भिंतीमागे ओढून आणली होती. तिचं मागचं डावं चाक मोडून आत दुमडलं होतं. शेजारीच अकरा नंबरची गाडी होती. तिचं नाक पार चेचलं होतं.

अकरा नंबरचा ड्रायव्हर अन्बरसु भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर बसला होता. डावं मनगट त्यानं उजव्या हातात धरलं होतं. त्याची पाठ माझ्याकडे होती.

कोइमतूरजवळच्या त्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेतली त्या वर्षीची शेवटची रेस होती. वीस फेऱ्यांची. त्या वर्षी सगळ्या रेसेस तिथंच झाल्या होत्या. तिसऱ्याच फेरीत अन्बरसुच्या गाडीनं मला मागून धडक दिली आणि आम्ही दोघंही बाद झालो. जिथं धडक झाली त्या वळणाच्या बाहेर पाण्याची उंच टाकी होती, म्हणून सगळे त्याला टाकीचं वळण म्हणत. आमची गॅरेजं, आमची माणसं, सगळं ट्रॅकच्या आतल्या बाजूला. आम्ही बाहेरच्या. मध्ये ना पूल, ना भुयार. पाठीमागे काटेरी तारेचं कुंपण आणि त्यापलीकडे ताडाची झाडं उभी असलेला माळ. उरलेल्या चौदा गाड्या दर सव्वा मिनिटाला समोरून जात होत्या. त्या थांबेपर्यंत आम्ही तिथंच अडकलो होतो.

पोन्नुसामी त्या वळणावरचा मार्शल. झेंडे दाखवायचे आणि काय घडलं त्याची नोंद करायची, हे त्याचं काम. साठीचा, काळा, सडसडीत माणूस. माझ्या सूटवरचं गावाचं नाव वाचून तो एकदम मराठीत बोलायला लागला होता.

"कोल्हापूर? मी बेळगावात होता नऊ साल. मिलिटरीत. मराठी येतो थोडा थोडा."

"चांगलं बोलता," मी म्हणालो.

"बायको हसते." त्यानं वायरलेस कानाला लावला, तमिळमध्ये काहीतरी सांगितलं आणि अन्बरसुला हाक मारून विचारलं. अन्बरसुनं नकारार्थी मान हलवली.

"काय म्हणतो?"

"अँब्युलन्स आणू का विचारला. नको म्हणतो. अँब्युलन्स आली तर रेस थांबवायला लागते. दुसऱ्यांची रेस माझ्यासाठी थांबवू नका म्हणतो."

मी पलीकडे पाहिलं. ट्रॅकच्या त्या बाजूला, लांब, आमच्या गॅरेजचं निळं छप्पर दिसत होतं. तिथं अण्णा असणार, दस्तगीरचाचा असणार. मी हात वर केला. इतक्या लांबून कुणाला दिसणार होता? तरी थोडा वेळ तसाच धरला आणि खाली घेतला.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. उद्यमनगरात आमची फाउंड्री. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वेगाचं वेड. तरुणपणी त्यांनी मोटरसायकलच्या रेसेस केल्या होत्या. भूपाल मगदूम म्हटलं की जुनी माणसं अजून सांगतात, पन्हाळ्याचा रस्ता ते किती मिनिटांत चढायचे ते. मला गाडी त्यांनीच दिली. एका माणसाची, उघड्या चाकांची, बुटकी गाडी. फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये ती दस्तगीर शिकलगार सांभाळायचे. ते अण्णांच्याच वयाचे, आमच्याकडे लेथवर टर्नर म्हणून लागलेले. गाडीचा एकेक बोल्ट त्यांच्या हातचा. मी त्यांना चाचा म्हणायचो आणि ते मला अभी. अख्ख्या स्पर्धेत आमच्या गाडीसारखी नीट गाडी कुणाची नाही, असं बाहेरचे लोकही म्हणायचे.

पाचव्या फेरीला मी क्रेटवर बसलो.

अन्बरसुनं मान वळवली आणि इंग्रजीत विचारलं, "आरशात मी दिसत होतो तुला?"

"दिसत होतास."

"मग?"

मी ट्रॅककडे पाहिलं. गाड्यांचा घोळका आला, आमच्यावर धुळीचा लोट सोडून गेला.

आवाज कमी झाल्यावर तो म्हणाला, "रेसमध्ये चार वर्षं झाली मला. आजपर्यंत एकदाही कुणाला ठोकलेलं नाही." मग पुन्हा पाठ केली.

त्याचं काय पणाला लागलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. वर्षभराच्या गुणांत तो इतका पुढं होता की ही रेस अर्धवट सुटली तरी चॅम्पियन तोच. पण मागून ठोकणारा दोषी धरला जातो. दोषी ठरला तर गुण कापले जाणार आणि चॅम्पियनशिप दुसऱ्याकडे जाणार. चॅम्पियनला पुढच्या वर्षी मलेशियातल्या एका टीमकडे गाडी चालवायला मिळणार होती. अन्बरसु तिशी ओलांडलेला. त्याच्याकडे पुढची दहा वर्षं नव्हती.

मी रेस बाहेरून कधीच पाहिली नव्हती. म्हणजे स्टँडवरून, लहानपणी अण्णांच्या खांद्यावर बसून पाहिली होती, पण एका वळणाला इतकं खेटून कधीच नाही. पहिला आला. त्याच्या इंजिनाचा आवाज चढत चढत आला आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याशी एकदा तुटला. श्वास घ्यायला थांबावं इतकाच. लगेच पुन्हा चढला. दुसरा आला, तोही तिथंच. तिसरा, चौथा. नवव्या नंबरला एक पोरगेला नवखा ड्रायव्हर होता, त्याची पहिलीच रेस. त्याचाही आवाज पांढऱ्या पट्ट्याशीच तुटला.

पुढची फेरी. पुन्हा तसंच. मी डोळे मिटून ऐकायला लागलो. डोळे मिटले तरी पट्टा कुठं आहे ते कळत होतं.

दहाव्या-अकराव्या फेरीला पोन्नुसामीनं डबा उघडला. दहीभात होता, वर लिंबाचं लोणचं. झाकणात थोडा काढून त्यानं माझ्यापुढं धरला.

"खा. ऊन खूप आहे."

"त्याला द्या."

"दिला. खात नाही. तू पण खात नाही. मी एकटा कसा खाऊ?"

मी झाकण घेतलं. दोन घास कसेबसे गेले. त्यानं पटकन जेवण उरकलं, हात धुतले आणि पॅडला लावलेला छापील कागद गुडघ्यावर घेतला. पेन झटकून तो हळूहळू इंग्रजीत लिहायला लागला. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं.

"फेरी तिसरी. सात नंबर पुढे. अकरा नंबर मागे. अकराने सातला मागून धडक दिली. दोन्ही गाड्या बाहेर. बरोबर?"

"बरोबर."

त्यानं सही केली. मग पेन खिशाला लावून समोर ट्रॅककडे बघत राहिला. गाड्या येऊन गेल्या.

"मी आठ साल या कॉर्नरवर आहे," तो म्हणाला. "कोण कुठे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलतो, मला झोपेत कळतो. तू पट्ट्याच्या आधी उचलला. खूप आधी."

माझ्या हातात झाकण तसंच होतं.

"ब्रेक पण मारला. कधी कोण तिथे ब्रेक मारत नाही. तो मागे होता, त्याला काय माहीत?"

"मग हे लिहा की," मी म्हणालो.

"ते मी बघितला नाही. ऐकला." त्यानं कागदाची घडी घातली. "बघितला ते लिहितो. ऐकला ते लिहीत नाही. ऐकलेला लिहायला लागलो तर रोज भांडण."

त्यानं माझ्या हातातलं झाकण घेतलं, उरलेला भात कुंपणाजवळ नेऊन कावळ्यांना टाकला आणि झेंडे घेऊन आपल्या जागेवर उभा राहिला.

चार महिन्यांपूर्वी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, याच वळणावर सराव करताना माझी गाडी उलटली होती. कुणाची चूक नव्हती. रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचं तेल सांडलं होतं, एवढंच. तीन बरगड्या मोडल्या. गाडीखाली मी सात मिनिटं अडकलो होतो, असं नंतर मला सांगितलं. शुद्धीवर होतो. पेट्रोल ठिबकण्याचा आवाज येत होता आणि माझा हात सीटच्या पट्ट्याच्या बकलपर्यंत पोचत नव्हता. मग माणसं आली, गाडी उचलली. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी बरगड्या जुळल्याचं सांगितलं. ड्रायव्हर तंदुरुस्त असल्याचा एक फॉर्म असतो, त्यावर मी सही केली. सगळ्यांना म्हणालो, ठणठणीत आहे.

आणि ठणठणीतच होतो, हे एक वळण सोडलं तर. बाकीच्या वळणांवर मी पूर्वीपेक्षाही जोरात जायचो, म्हणून फेरीचा वेळ भरून निघायचा. पण टाकी दिसली की माझा उजवा पाय आपोआप वर यायचा, सरावात तर ब्रेकवरही जायचा. मी त्याला दाबून धरायचं ठरवायचो. आदल्या दिवशी, सकाळी, गाडीत बसल्यावर, प्रत्येक वेळी ठरवायचो. तो वर यायचाच. त्या दिवशी सुरुवात चांगली मिळाली, अन्बरसुच्या पुढं गेलो. आरशात तो दिसत होता. दोन फेऱ्या कशाबशा निभल्या. तिसऱ्या फेरीला टाकी दिसली आणि पाय नुसता वर आला नाही, जोरात ब्रेकवर पडला.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. घरी नाही, शेडमध्ये नाही. चार महिने मी माणसांत वावरत होतो, जेवत होतो, हसत होतो आणि सदान्‌कदा त्या वळणावर एकटाच होतो.

शेवटची फेरी झाली. झेंडे खाली आले. पोन्नुसामीनं वायरलेसवर विचारलं आणि आम्हाला हात केला. अन्बरसु उठला, माझ्याकडे न बघता ट्रॅक ओलांडून चालू लागला. मी त्याच्या बराच मागून. डांबर तापलं होतं आणि बुटाच्या पातळ तळव्यांतून चटके बसत होते. पलीकडे जिंकणाऱ्याची माणसं ओरडत होती. आमच्याकडे कुणी धावत आलं नाही. बाद झालेल्याकडे येत नाहीत, तशी रीतच असते. मी एरवी बाद झालेल्यांच्या बाबतीत ती कितीदा पाळली होती.

गॅरेजमध्ये अण्णा खुर्चीवर बसले होते. चाचा फडक्यानं हात पुसत उभे होते.

"लागलं न्हाई न्हवं कुठं?" चाचांनी विचारलं.

"नाही."

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अर्ध्या तासात वर बोलावलंय. चौकशी आहे. तुला विचारतील, काय झालं." थोडं थांबून ते म्हणाले, "गिअर सुटला म्हण."

"काय?"

"चौथा गिअर सुटला, गाडी एकदम मंदावली, मागच्याला आवरली नाही. असं म्हण. म्हणजे त्या मद्राशी पोराचाही दोष नाही आणि तुझाही नाही. बिघाड आहे, कुणाच्याही गाडीत होतो."

मी चाचांकडे पाहिलं. आमच्या गाडीचा गिअर सुटला म्हणजे चाचांच्या हातून सुटला. त्या ट्रॅकवरची सगळी माणसं ज्यांच्याकडे गिअरबॉक्स दाखवायला आणायची, त्यांचा गिअर शेवटच्या रेसला तिसऱ्या फेरीत सुटला.

"चाचांचं नाव जाईल, अण्णा."

"म्हण की," चाचाच म्हणाले. ते फडक्याची घडी घालत होते. "माझं काय जातंय. वय झालं आता. चार लोक हसतील, दुसरं काय हुणार हाय?"

 मी बादलीत तोंड धुतलं. तीन गोष्टी माझ्यापुढं होत्या. गप्प बसलो तर अन्बरसु जाणार. गिअर म्हणालो तर चाचा. तिसरी गोष्ट मी स्वतःशीसुद्धा कधी शब्दांत म्हटली नव्हती.

चौकशीची खोली वरच्या मजल्यावर होती. लांब टेबलामागं तीन अधिकारी. मधले पांढऱ्या भुवयांचे एक गृहस्थ, त्यांच्यापुढं पोन्नुसामीचा कागद. अन्बरसु मनगटाला बँडेज बांधून बसला होता. गाडीचे मालक म्हणून अण्णांना आत बसायची परवानगी होती. ते दारालगतच्या खुर्चीवर बसले. दार उघडंच होतं आणि बाहेर जिन्याच्या कठड्याला टेकून चाचा उभे होते.

आधी अन्बरसुला विचारलं. तो म्हणाला, "मी रोज जिथं पाय उचलतो तिथंच उचलणार होतो. त्याच्या आधीच हा माझ्या नाकावर आला. का आला, मला माहीत नाही."

"अंतर ठेवणं हे मागच्याचं काम असतं," पांढऱ्या भुवया म्हणाल्या.

"हो, सर."

"सात नंबर. तुमचं म्हणणं?"

"मी पाय लवकर उचलला आणि ब्रेक मारला," मी म्हणालो.

"किती लवकर?"

"पट्ट्याच्या आधी चाळीस-पन्नास मीटर."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "का? गाडीत काही बिघाड?"

खोलीत पंखा फिरत होता. माझ्या मागं अण्णांची खुर्ची किंचित वाजली. मला वाटलं, ते बोलतील. बोलले नाहीत.

"नाही. गाडी चांगली होती. गाडीत काहीच बिघाड नव्हता." मी शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं म्हणालो, दाराबाहेर जावं म्हणून. "मला भीती वाटली."

"कशाची?"

"त्या वळणाची. सप्टेंबरपासून वाटते."

पांढऱ्या भुवयांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सप्टेंबरनंतर फॉर्मवर तुमची सही आहे."

"आहे."

"तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं नाही. तिथंच, माझ्यासमोर, हलक्या आवाजात बोलले आणि निकाल सांगितला. अन्बरसु निर्दोष. माझं लायसन एक वर्ष बंद. त्यानंतर डॉक्टरांचा दाखला आणला तर विचार होईल. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

बाहेर चाचा नव्हते. अण्णा माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आले. त्यांचा चेहरा मला वाचता येत नव्हता.

"सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या," ते म्हणाले. "खाऊन घे."

आणि जिना उतरून गेले.

मी कठड्याशी उभा असताना अन्बरसु बाहेर आला. मला वाटलं हात पुढं करेल. खरं सांगायचं तर त्याची मी वाट बघत होतो. तो दोन पावलांवर थांबला.

"तू खरं बोललास," तो म्हणाला. "ठीक. पण सप्टेंबरपासून तीन रेसेस झाल्या. कधी तू माझ्या पुढं होतास, कधी मागं. मला मुलगी आहे. मला हे आधी माहीत असायला हवं होतं."

"हो," मी म्हणालो.

तो गेला. खाली बक्षीस समारंभाचा कर्णा वाजायला लागला. त्याचं नाव पुकारलं तेव्हा मी आमच्या गॅरेजमध्ये मोडलेलं चाक सोडवत होतो. ते काम माझं नव्हतं. पण चाचा गाडीच्या दुसऱ्या बाजूला मान खाली घालून पेटीत पाने भरत होते आणि मला कुठं जावं ते सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मोटारीनं पुढं निघून गेले. मी ट्रकमधून, ड्रायव्हरच्या शेजारी, खिडकीशी चाचा. दोन दिवसांचा प्रवास. चाचा वाटेत सगळ्या गोष्टींवर बोलले. सालेमचे आंबे, बंगळूरचं ट्रॅफिक, त्यांच्या मेहुण्याचं गुडघ्याचं दुखणं. झाल्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. मी आभारांची अपेक्षा ठेवली नव्हती. पण ते रागावले आहेत की कसं, एवढं कळलं असतं तरी बरं वाटलं असतं. धारवाडच्या पुढं ते खिडकीला डोकं टेकून झोपले आणि त्यांचं डोकं आपटू नये म्हणून मी मध्ये माझी बॅग घातली.

घरी कुणी काही विचारलं नाही. अण्णांनी आईला काय सांगितलं होतं कोण जाणे, तिनं तो विषय कधीच काढला नाही. महिन्याभरात गाडी हैदराबादच्या एकाला विकली. मागच्या शेडमध्ये फाउंड्रीचे लाकडी साचे आणून रचले. मी सकाळी आठला फाउंड्रीत जायचो, संध्याकाळी यायचो. वर्ष संपल्यावर लायसनसाठी अर्ज करता आला असता. मी केला नाही. करू का, असं विचारलंही नाही. कुणी कर असंही म्हणालं नाही.

त्याच मार्चमध्ये चाचांना अन्बरसुचं पत्र आलं होतं. कोइमतूरला त्याच्या भावाचं वर्कशॉप होतं, चार रेसिंग गाड्या तयार करायला घेतल्या होत्या. मलेशियाला जाण्याआधी त्यानं भावाला सांगितलं होतं, त्या कोल्हापूरच्या म्हाताऱ्याला आण. पगार चांगला, राहायला खोली. चाचांनी पत्र मला वाचायला दिलं. इंग्रजी होतं. मी मराठीत सांगितलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं.

"जाणार?"

"हितं आता साचं रचून काय करू?" ते म्हणाले.

त्यांना सोडायला मी मिरजेला गेलो. बंगळूरच्या गाडीला वेळ होता. एक ट्रंक, एक वळकटी आणि अवजारांची लाकडी पेटी. पेटी त्यांनी हमालाला उचलू दिली नाही. आम्ही बाकावर बसलो. चहा झाला.

"गिअर सुटला म्हणला असतास," चाचा अचानक म्हणाले, "तर ह्ये पत्र आलं नसतं."

मला एवढंच ऐकायचं होतं, दोन महिने. पण ते पुढं बोलत राहिले.

"मला म्हाईत होतं, अभी."

"काय?"

"तुझा पाय. पॅड काढलं की कळतंय. ब्रेकचं पॅड एरवी चार दिवसांच्या सरावाला पुरतंय, तुझं दोन दिवसांत झिजाय लागलं. पहिल्यांदा वाटलं, माल खराब हाय. दुसऱ्या दुकानातनं आणलं. तरी त्येच."

"कधीपासून माहीत होतं?"

"ऑक्टोबर."

 समोरच्या फलाटावर मालगाडी लागत होती.

"मालकांनाबी म्हाईत होतं," चाचा म्हणाले. "दिवाळीच्या आधी शेडमधी आले. म्हणले, दस्तगीर, पॅड दाखव. हातात घिऊन बघत बसले लई वेळ. मग म्हणले, त्येला काय इचारू नगंस. त्यो सांगंल आपणहून."

"अण्णा म्हणाले असं?"

"आनि त्या दिवशी, तू तिकडं टाकीपाशी अडकला हुतास तवा, माझ्याकडं आले. म्हणले, पोराला सगळ्यांच्या म्होरं भ्यालो म्हणाय लागू नये. गिअरचं सांगू का? तुझं नाव जाईल. मी म्हणलं, सांगा." त्यांनी कपातला उरलेला चहा रुळांवर ओतला. "मालक लई रडवेले झालते. म्या कधी बघितलं नव्हतं तसं."

गाडी आली. आम्ही ट्रंक आत ढकलली, वळकटी बाकाखाली सारली. पेटी त्यांनी मांडीवर घेतली. मी खिडकीशी आलो.

"चाचा, तुम्हाला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं. मग मला गाडीत बसू का दिलंत?"

चाचांनी पेटीच्या कडीवरून अंगठा फिरवला. खूप वेळ. गाडीनं शिटी दिली.

"त्येच मला कळंना आजपातुर," ते म्हणाले. "आज बोलंल, उद्या बोलंल, म्हणून वाट बघितली. तू बोलायची वाट आमी बघतोय आनि तू जाऊन गाडीत बसतुयास."

गाडी हलली. ते हात करायचे थांबले नाहीत, मीही नाही, डबा पुलापर्यंत जाईस्तोवर.

त्यानंतर आमची गाठ पडली नाही. चार वर्षांनी ते तिकडंच वारले. अन्बरसुच्या भावाचा फोन आला होता.

या सगळ्याला आता चोवीस वर्षं झाली. फाउंड्री मी चालवतो. गाडी चालवतो, सगळे चालवतात तशी. पण त्या दिवशी मिरजेहून परत येताना मी हातकणंगल्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बसलो होतो. घरी गेल्यावर अण्णांना काय म्हणायचं त्याची वाक्यं जुळवत होतो. चांगली जुळली होती. पहिलं वाक्य तर अगदी साधं होतं.

घरी पोचलो तेव्हा ते पडवीत आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मी चपला काढल्या आणि समोरच्या खुर्चीत बसलो. आईनं आतून पाणी आणून दिलं. ती आत जाईपर्यंत मी थांबलो.

अण्णांनी पेपर खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना कळलं होतं.

"गाडी सुटली?" त्यांनी विचारलं.

"सुटली."

"वेळेवर?"

"दहा मिनिटं उशिरा."

"हं," ते म्हणाले.  मग त्यांनी पेपरची आतली दोन पानं सोडवली, नीट घडी घातली आणि माझ्यापुढं धरली. मी ती घेतली. आई दिवा लावायला बाहेर आली तेव्हा आम्ही दोघं अंधारात पेपर वाचत बसलो होतो.